हेन्डरसनचा बॉयलर आणि विद्याताई

विद्याताई, तू गेलीस त्या दिवशीही हॉस्पिटलचे ट्रक वेळेवर आले. मळक्या कपड्यांच्या पिशव्या उतरल्या, पट्ट्यावर पडल्या, तुझ्या शेजारी काम करणाऱ्या सेफीनाने आणि बाकीच्यांनी हातमोजे चढवून वर्गवारी सुरू केली. शेवटचे नऊ दिवस तू ज्या चादरींवर झोपली होतीस, त्याही त्या आठवड्यात आपल्याकडेच धुवायला आल्या असणार. मी बघायला गेलो नाही. गेलो असतो तरी ओळखल्या नसत्या. नव्या माणसांना तूच सांगायचीस ना, "कुणाची हाय ते बघायचं न्हाई, डाग बघायचा."

आज सहा आठवडे झाले. तुझ्या यजमानांनी, मोहनरावांनी, घरी प्रार्थना ठेवली होती. माउंट रॉस्किलच्या तुमच्या त्या भाड्याच्या घरात चपला ठेवायलाही जागा उरली नव्हती. जो तो तुझ्याबद्दल बोलत होता. तू किती मायाळू, तुझ्या हातच्या मटणाला काय चव, नव्याने आलेल्या पोरींना तू कशी घरी ठेवून घ्यायचीस. सगळं खरंच होतं. मी मात्र बोललो नाही. मला जे सांगायचं होतं ते त्या खोलीत सांगण्यासारखं नव्हतं, आणि ज्या माणसाला सांगायचं होतं ते हार घातलेल्या फोटोत बसलं होतं. म्हणून हे लिहितोय.

तू पहिल्यांदा माझ्याशी बोललीस तेव्हा मला इथे लागून जेमतेम पंधरा दिवस झाले होते. भोसरीतल्या कारखान्यात दहा वर्षं मेंटेनन्स केलेला, इंजिनिअर म्हणून व्हिसा मिळालेला मी, ऑकलंडच्या हेन्डरसन भागातल्या या लॉन्ड्रीत यंत्रं सांभाळायला आलो होतो. हॉस्पिटलच्या चादरी, हॉटेलचे टॉवेल, ऑपरेशन थिएटरचे हिरवे कपडे. इतके कपडे आयुष्यात पाहिले नव्हते. तू मळक्या बाजूला होतीस, निळा गाऊन, डोक्याला जाळी. मी बायकोशी फोनवर मराठीत बोलतोय हे तुझ्या कानावर गेलं आणि मी फोन ठेवीपर्यंत तू शेजारी उभी राहिलीस.

"साहेब, तीन नंबरच्या इस्त्रीचा ट्रॅप गेलाय. वाफ चाललीय सगळी."

ट्रॅप म्हणजे चादरींच्या मोठ्या इस्त्री-यंत्राला जाणाऱ्या वाफेच्या पाइपावरची छोटीशी झडप. वाफेचं पाणी झालं की तेवढं पाणी बाहेर सोडायचं आणि वाफ आत अडवायची, एवढंच तिचं काम. ती बिघडली की फुकट वाफ बाहेर, म्हणजे फुकट गॅस जाळणं.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"आवाज येतोय की."

मी हसलो. आणि मग जे म्हणालो ते तू मला शेवटपर्यंत विसरू दिलं नाहीस. मी म्हणालो, "मावशी, ते आम्ही बघतो." मावशी! माझ्यापेक्षा फक्त आठ वर्षांनी मोठी होतीस तू.

त्यानंतर दोन आठवड्यांनी कंत्राटदार आवाज मोजायचं यंत्र घेऊन आला. तीन नंबरच्या इस्त्रीचा ट्रॅप पूर्ण उघडा पडलेला होता. मी तुला शोधत कँटीनमध्ये आलो. तू चपातीभाजी खात होतीस. मी समोर बसलो आणि पहिल्यांदा नीट विचारलं, की तुम्हाला हे कळतं कसं. इचलकरंजीत सुताला खळ लावायच्या कारखान्यात, म्हणजे सायझिंगमध्ये, तुझे वडील बॉयलरवर फायरमन होते. तू मेकॅनिकल डिप्लोमा केलास तेव्हा वर्गात एकटीच मुलगी होतीस. मग अकरा वर्षं कापड रंगवायच्या एका कारखान्यात, प्रोसेस हाउसमध्ये, वाफ आणि पाणी तुझ्याच ताब्यात होतं. इथे आल्यावर तुझा डिप्लोमा कुणी विचारातही घेतला नाही. "लोकल एक्सपीरियन्स न्हाई म्हणाले. मग मी लोकल कपडे निवडायला लागले." नऊ वर्षं.

"आणि हा ट्रॅप कधीपासून गेलाय?"

"तुमच्या आधीच्या दोघांनाबी सांगितलं होतं," तू म्हणालीस आणि डबा माझ्याकडे सरकवलास. "खावा. भेंडी हाय."

मी ग्रेगकडे गेलो. ग्रेग आपला मॅनेजर, रग्बीच्या खेळाडूसारखा रुंद, मनाने सरळ, पण फॅक्टरीत फारसा न फिरणारा. तो म्हणाला, "ती सॉर्टिंगवर आहे, मेट." मी म्हणालो, "तिला वाफेतलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. गळत्या शोधायला मला ती पाहिजे." तो खिडकीतून खाली तुझ्याकडे बघत राहिला. "स्वीट अ‍ॅज," म्हणाला, म्हणजे चालेल, "बघू करून."

ते पहिलं काम आठवतं? फाटून बाद झालेल्या थिएटरच्या हिरव्या कापडाच्या चिंध्या काढल्यास आणि जिथे जिथे वाफ गळत होती तिथे तिथे एकेक बांधत गेलीस. आठवड्यात सगळी फॅक्टरी नवसाच्या झाडासारखी दिसायला लागली. ग्रेग खाली आला, बघून सटपटला. तुला ओरडून सांगायची गरजच पडली नाही. एकेक गळती बंद होत गेली, एकेक चिंधी सुटत गेली, आणि हिवाळा संपायच्या आत दोन बॉयलरपैकी एक आपण बंद ठेवू शकलो. त्या वर्षी सगळीकडे कंपन्या नवी यंत्रं आणू, अमुक सालापर्यंत कार्बन शून्यावर आणू म्हणून जाहीर करत होत्या. तू म्हणायचीस, "जी वाफ लागतच न्हाई ती बंद करायला कुठलं नवीन यंत्र लागत न्हाई. ते आधी करू, मग जाहीर करू."

मग तो पाऊस आला.

त्या शुक्रवारी संध्याकाळी ऑकलंडवर आभाळ फाटलं. लॉन्ड्रीच्या मागचा ओढा एरवी पाय न भिजवता ओलांडता येतो. तो तासाभरात भिंतीवरून आत आला. तू दुसऱ्या पाळीला होतीस, मी फ्लॅट बुशच्या माझ्या घरून मोटरवेवर अडकत अडकत पोचलो तेव्हा तू कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून धुतलेल्या चादरींच्या ट्रॉल्या वरच्या रॅम्पवर ढकलत होतीस. सेफीना दुसऱ्या टोकाला होती. मी किंचाळलो, "ताई, बाहेर ये! वीज चालू आहे!" तुम्ही नाही, तू. त्या दिवसापासून तेच राहिलं. तू वळलीस आणि म्हणालीस, "मेन स्विच मीच पाडलाय. येडा हाय का तू? हात लाव." आपण तिघांनी मिळून जेवढं वाचवता आलं तेवढं वाचवलं. नंतर रॅम्पवर बसून कापत असताना सेफीना हळू आवाजात म्हणाली, की सामोआत तिच्या आईच्या गावी समुद्र आता चर्चच्या पायरीपर्यंत येतो, भरती असली की. तू तिच्या पाठीवर एक कोरडी चादर टाकलीस.

बॉयलरघरात चिखल भरला होता. आणि तिथेच आपलं पहिलं खरं भांडण झालं. ते अजून संपलेलं नाही असं मला वाटतं.

तुझं म्हणणं होतं, आता सगळं उघडं पडलंच आहे तर गॅसचा बॉयलर पुन्हा बसवायचाच नाही. हीट पंप आणायचा, विजेवर पाणी तापवणारा. मी म्हणालो, हॉस्पिटलला दहा दिवसांत चादरी पाहिजेत, हीट पंप यायला वर्ष लागेल, तोवर रुग्णांनी कशावर झोपायचं? तू म्हणालीस, तोवर भाड्याचा बॉयलर आणू. मी म्हणालो, सगळ्या शहरात पूर आलाय, भाड्याचा बॉयलर कुठे शिल्लक असणार? तू म्हणालीस, "ज्या धुरानं हा पाऊस आणला, तोच धूर परत सुरू करायचा म्हणतोस तू." मी चिडून म्हणालो, "ताई, आपल्या एका बॉयलरने पाऊस येत नाही." तू शांतपणे म्हणालीस, "असं प्रत्येक बॉयलरवाला म्हणतोय की."

जुना बॉयलर साफ करून परत चालू केला. अकराव्या दिवशी हॉस्पिटलला चादरी गेल्या. मी बरोबर होतो, ताई. आजही मला तसंच वाटतं. आणि तुझंही बरोबर होतं, कारण एकदा तो बॉयलर चालू झाल्यावर पुढची दोन वर्षं हीट पंपाचं नावही कुणी काढलं नाही. घाईत केलेली दुरुस्ती कायमची होऊन बसते हे तू मला सांगितलं होतंस. मी ऐकलं नव्हतं.

आता जे सांगायचं त्याच्याकडे येतो.

हॉस्पिटलकडून पुरवठादारांसाठी एक फॉर्म आला. तुमचं कार्बन उत्सर्जन किती, कमी करण्यासाठी काय केलंत, नवं कंत्राट देताना हे बघितलं जाईल. ग्रेग घाबरला. मालक ऑस्ट्रेलियात, त्यांनी फोनवर तोडगा काढला. कुठल्याशा डोंगरावर लावलेल्या पाइनच्या झाडांची सर्टिफिकेटं विकत घ्यायची आणि लिहायचं, 'ही लॉन्ड्री कार्बन न्यूट्रल आहे,' म्हणजे हिशेबात धूर शून्य. आठवड्यात व्हॅनवर हिरव्या पानाचं स्टिकर आलं. फॉर्मवर इंजिनिअर म्हणून सही पाहिजे होती. मी केली.

तू ती प्रत माझ्या टेबलावर पाहिलीस.

"नितीन, ही सही तुझीच ना?"

"हो."

"म्हणजे आपल्या धुराड्यातनं आता काय निघतंय? सुगंध?"

"ताई, ही पद्धत मान्य आहे. सगळे करतात. झाडं कार्बन शोषतात."

"झाडं लावली ते चांगलंच केलं. पण ती आपला धूर प्यायला लागलीत हे कुणी बघितलं? आणि वादळात पडली तर? वणवा लागला तर? आपला धूर तर आज निघून गेला. तो काय परत यायचा न्हाई."

मी म्हणालो, कंत्राट गेलं तर नव्वद माणसं घरी बसतील, त्यात तूही आणि सेफीनाही. तू उठलीस. दारात थांबलीस. "मला नोकरीची भीती घालू नगंस," म्हणालीस. "माझ्या बापानं कोळसा टाकत असताना मालकाला कधी खोटं रीडिंग दिलं न्हाई. आणि तू इंजिनिअर."

पाच आठवडे तू माझ्याशी कामाव्यतिरिक्त बोलली नाहीस. डबा सरकवणं बंद. मला त्याचा किती त्रास झाला ते मी तुला कधी सांगितलं नाही. घरी बायको म्हणायची, जाऊन माफी माग. मी म्हणायचो, कशाची? माझ्यापाशी उत्तर होतं, फक्त ते बोलून दाखवायचं नव्हतं.

तू मात्र बोलणं बंद केलंस तरी काम बंद केलं नाहीस. त्या पाच आठवड्यांत तू रोज दोन वेळा मागच्या गटाराजवळ थर्मामीटर घेऊन जायचीस आणि वहीत आकडे लिहायचीस. सहाव्या आठवड्यात सरळ ग्रेगच्या केबिनमध्ये गेलीस, त्याला खाली आणलंस आणि सांडपाण्याच्या पाइपावर हात ठेवायला लावलास. त्याने हात झटकन मागे घेतला. "हॉट, एह?" म्हणाला.

तू तुझ्या इंग्रजीत सांगितलंस, आणि तेवढं साधं मी कधी सांगू शकलो नसतो. आपण कढत पाणी गटारात ओततोय आणि इकडे नळाचं गार पाणी गॅस जाळून तापवतोय. ही उष्णता आपलीच आहे, आपणच फेकून देतोय. हीट पंप म्हणजे उलटा फ्रिज. फ्रिज आतली उष्णता काढून मागे टाकतो, हा गटारातली उष्णता काढून धुण्याच्या पाण्यात टाकेल. वीज लागेल, पण इथली बरीचशी वीज धरणांतून येते. धुण्याचं सगळं पाणी यावर होईल. बॉयलर फक्त इस्त्र्यांना आणि ड्रायरना.

ग्रेगने हनुवटी खाजवली. "येह, नाह," म्हणाला, म्हणजे नाही. मग वळून पुन्हा एकदा पाइपावर हात ठेवला. "नाह, येह," म्हणाला. तू मला नंतर विचारलंस, म्हणजे हो का नाही? मी म्हणालो, हो. तू हसलीस आणि त्या दिवशी डबा परत माझ्यासमोर आला. पावट्याची उसळ होती.

पंपाची ऑर्डर गेली आणि महिन्याभरात तुझं पोट दुखायला लागलं.

पॅनक्रियाजच्या कॅन्सरचं नाव ऐकल्यावर मोहनरावांना मी कॉरिडॉरमध्ये खाली बसताना पाहिलं. तू बसली नाहीस. वॉर्डात पहिल्यांदा भेटायला आलो तेव्हा तू चादरीचा काठ दोन बोटांत धरून बघत होतीस. "ही आपलीच. बघ, जरा जास्तच कडक झालीय. दोन नंबरच्या इस्त्रीचं टेंपरेचर उतरव." मी हसायला गेलो आणि रडलो. तू म्हणालीस, "रडण्यासारखं काय हाय त्यात? उतरव म्हटलं." आणि मग तू विचारलंस, "फॉर्म दुरुस्त केलास का?"

मी म्हणालो, "करतो."

दुसऱ्या वेळी परत विचारलंस. मी परत म्हणालो, करतो. तू वहीत नव्या पंपाच्या चाचणीचे मुद्दे लिहीत होतीस. मधेच म्हणालीस, "मोहनला विचार रे, स्मशानात गॅस हाय का वीज. गॅसच असला तर माझ्या नावानं एक ट्रॅप दुरुस्त कर, म्हणजे फिट्टंफाट." नर्स मराठी होती, नाशिकची. ती तोंड फिरवून बाहेर गेली.

शेवटच्या भेटीत तुला बोलवत नव्हतं. नुसते ओठ हलवून विचारलंस. मला कळलं काय विचारतेस ते. आणि मी म्हणालो, "केला, ताई."

केला नव्हता. तू डोळे मिटलेस आणि मान हलवलीस. मी घरी येताना मोटरवेवर गाडी बाजूला घेऊन थांबलो. तुझ्यासमोर खोटं बोललो, आणि तेही तुला बरं वाटावं म्हणून, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. खरं म्हणजे मला बरं वाटावं म्हणून बोललो होतो. तीन दिवसांनी तू गेलीस.

माफ कर म्हणायला आता अर्थ नाही. तुला माफीपेक्षा काम समजायचं. म्हणून काय झालं ते सांगतो.

तुझ्या अंत्यविधीनंतरच्या गुरुवारी हीट पंप चालू केला. पुरवठादाराचा माणूस आला होता, तरुण, हुशार, सगळं लॅपटॉपवर. मी त्याला तुझ्या वहीचं पान दाखवलं. पहिलाच मुद्दा होता, 'गटाराच्या तोंडाशी दोन गाळण्या, एक जाड, एक बारीक. न्हाईतर कपड्याच्या तंतूंनी पंप चोंदेल.' तो म्हणाला, आमच्या यंत्रात फिल्टर आहे, हे लागणार नाही. मी वाद घातला नाही, ही पण माझीच चूक. दुपारी दोनला पंप चोंदला. उघडला तर आत ओल्या कापसाचा राखाडी लगदा. सेफीना आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, "विद्या टोल्ड यू, एह." त्या मुलाचे कान लाल झाले. शुक्रवारी आम्ही दोन गाळण्या बसवल्या, तुझ्या चित्रातल्यासारख्याच. त्यानंतर पंप थांबलेला नाही. धुण्याचं पाणी आता गॅसवर तापत नाही. सकाळी धुराड्यावर बघितलं तर पूर्वीपेक्षा बारीक रेघ दिसते.

पुढच्या सोमवारी मी ग्रेगच्या केबिनमध्ये गेलो आणि सांगितलं, की तो फॉर्म मी मागे घेतोय. तो आधी हसला. मग दार लावलं.

"तू कंत्राट घालवशील, मेट. कळतंय का तुला?"

"कळतंय."

"पंप तर चालू झालाय! आता आपण खरंच चांगलं करतोय. मागचं उकरून काय मिळणार?"

"मागचं खोटं ठेवलं तर आताचं खरं कुणाला पटेल? आपण शून्य म्हणून लिहिलंय. शून्यावरून खाली कसं जाणार?"

तो खूप वेळ बोलला. माणसांबद्दल बोलला, घरांच्या हप्त्यांबद्दल बोलला, मालकांबद्दल बोलला. मी मागे म्हणालो होतो तेच सगळं. मी ऐकून घेतलं. मला भीती वाटत नव्हती असं नाही. पण सही माझी होती. संध्याकाळी मी हॉस्पिटलच्या खरेदी विभागाला लिहिलं, की आमच्या फॉर्ममधला दावा चुकीचा आहे, इतका गॅस जाळत होतो, आता इतका जाळतोय, झाडांची सर्टिफिकेटं त्यात धरू नका. सोबत तुझ्या वहीतले आकडे जोडले. खाली नाव फक्त माझं घातलं, कारण चूक फक्त माझी होती.

चार दिवस उत्तर नाही. पोरगा जेवताना म्हणाला, "बाबा, यू ओके?" मी मराठीत म्हणालो, ठीक आहे. त्याला खरं वाटलं नाही.

मग बैठकीला बोलावलं. खरेदी विभागाच्या बाई, पन्नाशीच्या, चष्मा दोरीला बांधलेला. "कीया ओरा," असा इथल्या पद्धतीचा नमस्कार करून सरळ मुद्द्यावर आल्या. "आत्ताच का सांगताय?"

मी खोटं उत्तर तयार करून नेलं होतं, नियम बदलतायत वगैरे. ते सांगितलं नाही. म्हणालो, "एका सहकारी बाईंना मी सांगितलं होतं की फॉर्म दुरुस्त केला. केला नव्हता. त्या आता नाहीत. त्या इथल्याच वॉर्डात होत्या."

त्यांनी चष्मा काढला. कागद पुन्हा एकदा वाचले. म्हणाल्या, की आणखी काही पुरवठादारांनी असाच दावा केलाय, आणि मागे घेणारे आम्ही पहिले. पाच वर्षांचं नवं कंत्राट त्या देऊ शकत नाहीत, आमचे गुण कमी होणार. पण एक वर्ष चालू ठेवतील, दर तीन महिन्यांनी प्रत्यक्ष मीटरचे आकडे द्यायचे या अटीवर. मग म्हणाल्या, "आणि गटारावरची ती कल्पना कुणाची?"

ताई, तुझं नाव मी त्यांना स्पेलिंगसकट सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

ग्रेगला फोन केला. त्याने मला अटी पुन्हा सांगायला लावल्या. मग म्हणाला, "एक वर्ष म्हणजे एक वर्ष." दुसऱ्या दिवशी मी आलो तर तो पार्किंगमध्ये गरम हवा फेकणारी हीट गन घेऊन व्हॅनवरची हिरवी पानं सोलत होता, एकेक करून. मला बघून म्हणाला, "बघत काय उभा राहिलास? दुसऱ्या बाजूने सुरू कर." मी केलं.

एक वर्षात इस्त्र्या विजेवर न्यायच्या आहेत. सोपं नाही. जुन्या इस्त्र्यांना वाफच लागते, नव्या आणायच्या तर सबस्टेशन वाढवावं लागेल, वीज कंपनी म्हणते थांबा. ड्रायरचं तर अजून काहीच ठरलेलं नाही. म्हणजे अर्धा बॉयलर अजून चालू आहे आणि तो बंद करणं माझ्यावर आहे. मळक्या बाजूच्या तीन बायकांनी गेल्या आठवड्यात विचारलं, आम्हाला वाफेचं शिकवाल का. त्यातली एक फिलिपिन्सची नर्स आहे, तिचंही शिक्षण इथे कुणी धरत नाही. दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत बसतोय. तू असतीस तर तूच शिकवलं असतंस, आणि चांगलं शिकवलं असतंस. मला जमेल तसं शिकवतोय.

आणि काल एक फोन आला. दक्षिण ऑकलंडमधल्या दुसऱ्या लॉन्ड्रीचा मॅनेजर, आपला सरळसरळ प्रतिस्पर्धी. म्हणाला, हॉस्पिटलच्या बाईंकडून कळलं, आमच्याही व्हॅनवर पान आहे. तुमचं गटार बघायला येऊ का? ग्रेग म्हणाला, त्यांना कशाला दाखवायचं, तेच उद्या आपलं कंत्राट घेतील. मी म्हणालो, घेऊ देत, पण खऱ्या आकड्यांवर घेऊ देत. तो वैतागला आणि मग म्हणाला, बरं, येऊ देत.

उद्या सकाळी नऊला ते येणार आहेत. मी त्यांना आधी माझ्या सहीचा तो चुकीचा फॉर्म दाखवणार आहे. पंप त्यानंतर.